डाव्या हाताला कळलंच, आता काय?

काका, प्रभूच्या नावात सलाम.

आमच्या चर्चचं छप्पर गळत होतं. बरीच वर्षं थोडे थोडे बाजूला टाकलेले पैसे मी त्याच्या दुरुस्तीसाठी दिले. पाळकसाहेबांना एवढंच म्हटलं की माझं नाव कुठेही येऊ देऊ नका. त्यांनी शब्द पाळला. काम पुरं झाल्यावर उपकारस्तुतीच्या उपासनेत देणगीदारांची नावं आकड्यांसकट वाचून दाखवली. त्यात माझं नव्हतं, ते ठीकच. पण ‘आणि एका विश्वासणाऱ्या व्यक्तीकडून’ एवढंही कुणी म्हणालं नाही. वर उपासना सुटल्यावर चारजण एका वडीलधाऱ्या गृहस्थांना म्हणत होते, छप्पर तुमच्यामुळे झालं. ते ‘नाही’ म्हणाले नाहीत, नुसते हसले. त्या रात्री माझा डोळा लागला नाही. दोन दिवसांनी मैत्रिणीचा फोन आला आणि बोलता बोलता मी सगळं सांगून टाकलं. वर म्हणाले, ‘कुणाला सांगू नकोस हं.’ फोन ठेवला आणि स्वतःचीच लाज वाटली.

माझं दान फुकट गेलं का? मन स्वच्छ होईपर्यंत अर्पण देणं थांबवू का? त्या गृहस्थांची गोष्ट पाळकसाहेबांच्या कानावर घालू का? आणि यापुढे अर्पणाच्या पाकिटावर नाव लिहायचं की नाही?

— एक बहीण

ताई, सलाम.

‘कुणाला सांगू नकोस हं’पाशी आलो आणि मला हसू फुटलं. राग मानू नका. हेच वाक्य मी आयुष्यात किती चांगल्या कामांच्या शेपटाला बांधलंय, ते आठवलं. मोठी गमतीची युक्ती आहे ही. गोष्ट सांगूनही होते आणि लपवल्याचं पुण्यही पदरात राहतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नामागे मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय आहे, तेव्हा आधी तोच नीट पाहू. लोकांनी आपली वाहवा करावी म्हणून दान देताना पुढे कर्णा वाजवणाऱ्या ढोंग्यांबद्दल प्रभू तिथे बोलतो. मूळ ग्रीकमध्ये ‘ढोंगी’साठी जो शब्द आहे, तो नाटकात काम करणाऱ्या नटाला वापरत. पुढे तो म्हणतो, ते आपलं प्रतिफळ भरून पावले आहेत. हे ‘भरून पावले’ त्या काळच्या पावत्यांवर सापडतं. रक्कम पुरती मिळाली, येणं काही उरलं नाही, या अर्थाने. थोडक्यात, तो व्यवहार होता. कौतुक हवं होतं, दाम मोजला, माल मिळाला, पावती फाटली. देवाने त्यांचं काही हिरावून घेतलेलं नाही. त्यांनी जे विकत घ्यायला पैसे काढले, तेच त्यांना मिळालं.

आता तुमच्याकडे पाहा. तुम्ही पैसे दिलेत तेव्हा काय विकत घेत होतात? छप्पर गळत होतं म्हणून दिलेत. मैत्रिणीचा फोन नंतरचा आहे. कौतुकाची भूक मागाहून लागली, म्हणून आधीचं देणं मागे जाऊन खोटं ठरत नाही. तेव्हा दान फुकट गेलं असं मला मुळीच वाटत नाही. एक मात्र तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुमची झोप त्यानेच उडवली आहे.

वचन म्हणतं, उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये. डावा हात कुणाचा? शेजाऱ्याचा नाही, पाळकसाहेबांचा नाही, आपलाच. गंमत अशी की आपण हे वचन बहुधा ‘लोकांना कळू नये’ एवढ्यावरच वाचून सोडून देतो. लोकांपासून लपवणं त्यामानाने सोपं असतं. तुम्ही ते छान केलंत. पण स्वतःपुढे तुम्ही वही उघडीच ठेवली होती. चर्चमध्ये शिरलं की नजर वर जात असेल आणि पत्र्याच्या प्रत्येक तुकड्यावर आपलं नाव दिसत असेल. देऊन झालेली गोष्ट मनातल्या मनात रोज पुन्हा दिली जाते. अशी वही चालू असली की ती कुणीतरी वाचावी असं कधी ना कधी वाटणारच, आणि मग फोन वाजतो.

गुप्तपणाबद्दल आणखी एक गोष्ट, जी आपल्या प्रवचनांत फारशी येत नाही. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात यरुशलेमच्या मंदिराचं बारीक वर्णन आहे. तिथे १३ दानपेट्या होत्या, शिंगाच्या आकाराच्या, आणि त्यांपैकी ६ स्वेच्छेच्या अर्पणासाठी. कर्णा वाजवण्याचं प्रभूचं बोलणं या शिंगांशी जोडणारे काही अभ्यासक आहेत; मला ते पुरतं पटत नाही, तरी असल्या पेटीत नाणी ओतली की खणखणाट होत असणार हे खरं. पण मला त्याहून आवडते ती तिथली एक खोली. पापभीरू माणसं आपलं दान तिथे गुपचूप ठेवून जात, आणि चांगल्या घरची पण हलाखीत आलेली माणसं त्यातून गुपचूप मदत घेत. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही, घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही. आपण गुप्तदान म्हणजे देणाऱ्याच्या आत्म्याचा व्यायाम समजतो. त्या खोलीत ते घेणाऱ्याची मान ताठ राहावी म्हणून होतं. छपराला मान खाली घालायची वेळ येत नाही, म्हणून तुमच्या बाबतीत हा प्रश्न नव्हता. पण पुढे कधी एखाद्या घराला काही द्याल, तेव्हा ही खोली आठवा. आपण नम्र राहिलो की नाही हे तपासण्यापेक्षा समोरच्याला ओशाळं वाटलं नाही ना, हे पाहणं जास्त उपयोगाचं आहे आणि सोपंही.

दिसणं हेच पाप, असंही समजू नका. त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, एकच अध्याय आधी, तुमची सत्कर्मं लोकांना दिसू द्या म्हणजे ते पित्याचा गौरव करतील, असं आहे. प्रेषितांच्या कृत्यांत चौथ्या अध्यायाच्या शेवटी बर्णबा शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवतो, सर्वांदेखत, आणि लूक त्याचं नाव, टोपणनाव, गाव, कूळ सगळं लिहून ठेवतो. त्याबद्दल त्याला कुणी बोल लावलेला नाही. त्याला लागून पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा. त्यांनीही मालमत्ता विकली, त्यांनीही पैसे पायांशी ठेवले. त्यांचा गुन्हा कमी देण्याचा होता असं पुष्कळांना वाटतं. पण प्रेषित पेत्राचं बोलणं वाचा: ती तुझीच होती ना, विकल्यावरही पैसे तुझ्याच हाती होते ना? सगळं द्यायची सक्ती नव्हती. अर्धं दिलं असतं आणि ‘हे अर्धं आहे’ म्हटलं असतं तर कथा तिथेच संपली असती. थोडं देऊन सगळं दिल्याचं सोंग आणलं, तिथे ते बुडाले.

म्हणून सच्चेपणा मोजायचा तर असा मोजावा: दिलेलं आणि दाखवलेलं, या दोहोंत अंतर किती? तुम्ही दिलंत जास्त आणि दाखवलंत शून्य. हे अंतर उलट बाजूचं आहे, त्यात लबाडी नाही. घोटाळा फक्त इतकाच की त्या अंतराचं कुणीतरी कौतुक करावं अशी आशा मनात राहिली होती.

आता तुमचा दुसरा प्रश्न. यावर मी सर्वांत जास्त ठाम आहे, म्हणून जरा लांबण लागेल. मन स्वच्छ होईपर्यंत अर्पण थांबवायचं का? नाही. अजिबात नाही.

वेदीपाशी अर्पण सोडून आधी भावाशी समेट कर, या वचनाचा आधार तुम्ही घ्याल. तिथे दोन गोष्टी बघा. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, असं ते वचन म्हणतं. तुझं मन पुरेसं निर्मळ नाही, असं म्हणत नाही. आणि शेवटी काय येतं? मग येऊन आपलं अर्पण वाहा. अर्पण रद्द झालेलं नाही, ते वेदीपाशी वाट बघत थांबलंय.

दुसरं, प्रेषित पौलाकडे पाहा. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी तो वर्गणी गोळा करत होता. करिंथ शहरातल्या विश्वासणाऱ्यांनी वर्षभर आधी उत्साहाने सुरुवात केली आणि मग गाडं अडलं. तेव्हा त्यांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, आठव्या आणि नवव्या अध्यायांत, तो त्यांना काय म्हणतो? आधी आपापले हेतू तपासा आणि मग पैसे पाठवा? छे. तो मासेदोनियाच्या मंडळ्यांचं उदाहरण देतो, की बघा, ते दारिद्र्यात असून शक्तीपलीकडे देतात. तुमच्याबद्दल मी तिथे अभिमानाने बोललोय, मला तोंडघशी पाडू नका, असंही सुचवतो. चक्क थोडी ईर्ष्या पेटवतो. त्याच वेळी, हा हुकूम नाही हेही सांगतो. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भाग पडलं म्हणून नको. संतोषाने देणारा, जो देवाला प्रिय आहे असं तो म्हणतो, तो निर्दोष हेतूचा माणूस असेलच असं नाही. सुरू केलेलं पुरं करा, एवढा त्याचा आग्रह आहे. माणसाचं मन कसं असतं ते त्याला ठाऊक होतं. आणि तिकडे यरुशलेमेत भाकरीची वाट पाहणाऱ्याला करिंथातल्या कुणाच्या मनात काय चाललंय याच्याशी काय देणंघेणं?

मन धुऊन झाल्यावर देऊ म्हणणाऱ्याचं देणं कायमचं लांबतं, हे मी पाहिलंय. आणि त्या थांबण्यातही एक सूक्ष्म मोठेपणा असतो. ‘माझं दान अगदीच कवडीमोल’ असं म्हणत बसणं नम्रतेसारखं दिसतं, पण त्यातही मधोमध बसलेला असतो तो ‘मी’च. मंदिरासाठी ढिगाने सोनं-रुपं गोळा झालं तेव्हा दावीद राजाने केलेली प्रार्थना पहिल्या इतिहासाच्या २९ व्या अध्यायात आहे. मी कोण, माझे लोक कोण, की आम्हाला असं द्यायला सुचावं? सगळं तुझ्याकडूनच येतं, तुझ्याच हातचं घेऊन आम्ही तुला दिलं. या प्रार्थनेत दान लहान ठरवलेलं नाही. मोठंच आहे ते, डोळे दिपतील इतकं. फक्त त्याचा मालक बदललाय. नम्रता मला तिथे दिसते: बापाने खाऊला दिलेल्या पैशांतूनच बापासाठी भेट आणणाऱ्या पोरासारखी.

याच्या उलट लूकच्या १८ व्या अध्यायातल्या दाखल्यातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा माणूस. आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशमांश. लक्षात घ्या, त्याचे आकडे चुकलेत असं प्रभू कुठेही म्हणत नाही. हिशेब चोख होता. घेऊन आला तो देवापुढे, आणि तो वाचता वाचता शेजारच्या जकातदाराच्या रकान्याकडे नजर गेली. तुम्हीही त्या दिवशी बाकावर बसून इतरांचे आकडे ऐकताना मनात बेरीज-वजाबाकी केली असेल. मी असतो तर केली असती.

माझंच सांगतो. कितीतरी वर्षं मी मंडळीच्या अर्पणाची मोजणी करायला बसायचो. थैली फिरताना लोकांचे हात पाहायची सवय लागली. लहान नोट असली की घडीवर घडी घालून मुठीत येते. मोठी असली की जरा सैल सुटते, कडेचा आकडा वर दिसेल अशी. मनातल्या मनात मी सगळ्यांच्या घड्यांवर शेरे मारायचो. मग एका रविवारी थैली माझ्यापुढे आली आणि माझी बोटं आपोआप नोटेची चौथी घडी घालत होती. कुणी पाहत नव्हतं. मीच पाहत होतो. त्या दिवशी मोजणीच्या टेबलावर सगळं ओतलं तेव्हा घड्या उलगडून एकच चळत झाली, आणि कोणती नोट कुणाची हे मला सांगता येईना. खजिनदाराने शेवटी एकच आकडा लिहिला. त्यानंतर हात पाहायची सवय पुरती गेली असं म्हणणार नाही, पण कमी झाली.

तुम्हाला ‘एका विश्वासणाऱ्या व्यक्तीकडून’ एवढा उल्लेख हवा होता, हे मला समजतं. तो झाला असता तर बरंच झालं असतं. पाळकसाहेबांना सुचलं नाही. पण तो उल्लेख मिळालेली एक बाई शुभवर्तमानात आहे. मार्कच्या १२ व्या अध्यायातली विधवा. तिने टाकलेली दोन नाणी म्हणजे मजुराच्या दिवसभराच्या मजुरीचा, एका दिनाराचा, ६४ वा हिस्सा. प्रभू भांडारासमोर बसून पाहत होता. आणि मग काय केलं त्याने? तिला हाक मारली का? शाबासकी दिली का? नाही. शिष्यांना जवळ बोलावलं आणि त्यांना सांगितलं. ती बाई पुढे निघून गेली असणार. आपल्याविषयी काय बोललं गेलं ते तिला कळल्याचं मार्क लिहीत नाही, लूकही लिहीत नाही. तिचं नावसुद्धा कुणी लिहिलं नाही. तिच्याइतकं कौतुक कुठल्याही देणगीदाराच्या वाट्याला आलं नाही, आणि ते तिच्या कानावर पडलं नाही. तुमच्या झोप न लागलेल्या रात्रीवर मला दुसरा उतारा माहीत नाही.

(जाता जाता: याच विधवेकडे बोट दाखवून गरिबाच्या खिशातलं शेवटचं काढून घेणारे उपदेशक असतात. त्यांनी दोन ओळी आधीचं वाचावं. विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांवर प्रभू तिथे कोरडे ओढतोय. पौलही म्हणतो, जे आपल्याजवळ आहे त्यावरून दान मान्य होतं, नाही त्यावरून नव्हे.)

नावं आणि आकडे वाचून दाखवण्याच्या प्रथेबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण माझं मत सांगून ठेवतो: मला ती चूक वाटते. हिशेब उघडा हवाच. पौलाने वर्गणी नेताना मंडळ्यांनी नेमलेली माणसं बरोबर घेतली, देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही सगळं चोख दिसावं म्हणून. पण त्याला एकूण जमा आणि खर्च पुरतो. उतरत्या क्रमाने नावं वाचली की सोन्याच्या अंगठीवाल्याला पुढची जागा द्यायची याकोबाच्या पत्रातली सभा तयार होते. मंडळीत हा विषय काढा, जरूर काढा. फक्त सहा महिने जाऊ द्या. आत्ता काढलात तर तत्त्वाच्या अंगरख्यात तुमचं दुखणंच बोलेल, आणि ऐकणाऱ्यांना ते कळेल.

ते गृहस्थ हसले, त्याचं काय? पाळकसाहेबांकडे जाऊ नका. चौघांनी एकदम कौतुक केलं की माणूस गडबडतो. तो नुसताच हसण्याचा क्षण असू शकतो. कदाचित त्यांना खरोखर गोड लागलं असेल. दोन्ही शक्य आहेत आणि दोन्हींचा न्याय करायला तुम्ही सर्वांत अयोग्य व्यक्ती आहात, कारण तुमची त्यात बाजू आहे. अपवाद एकच. मंडळीच्या वहीत तुमची रक्कम चुकून दुसऱ्या कुणाच्या नावावर लिहिली गेली असेल तर ती चूक खजिनदाराला जरूर दाखवा. तो मानाचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे.

पाकिटावर नाव लिहायचं का? लिहा की. पावती फाडायला, वर्षाचा ताळा जुळवायला नाव लागतं. निनावी पाकिटाने नम्रता वाढत नाही, खजिनदाराची डोकेदुखी वाढते. नाव लिहा, पाकीट थैलीत टाका आणि लगेच पुढच्या गीताचा क्रमांक शोधायला लागा. पुढची रक्कम शक्य तर अशा कामाला द्या जे रोज डोळ्यांसमोर येत नाही. छप्पर फार दिसतं.

राहिली मैत्रीण. आता तिला मुद्दाम फोन करून ‘मी तुला ते सांगायला नको होतं’ म्हणावंसं वाटेल. करू नका. त्या निमित्ताने सगळी गोष्ट पुन्हा एकदा सांगितली जाईल, आणि ती बिचारी बहुतेक विसरूनही गेली असेल.

तुमचा,
काका